बटईचा जिताडा

मारोतरावने शेतात बाई ठेवली आहे ही बातमी गावात पहिल्यांदा कोणी सोडली, ते आता सापडायचं नाही. जो तो शेजारच्याकडे बोट दाखवतो. पण पुरावा भक्कम होता. माणूस अठ्ठावन्न वर्षांचा, उठता-बसता गुडघे वाजणारा, आणि रोज दुपारी जेवण झालं की पुन्हा एकदा तोंड धुऊन, केसांवरून पाण्याचा हात फिरवून, डब्यात काहीतरी झाकून घेऊन शेताकडे निघायचा. दोन-दोन तास तिकडेच. येताना चेहरा असा, जणू जावई धोंड्याचं जेवून आला. त्यात शेतशेजारी जगदेवने मागच्या पौषात धुऱ्यापलीकडून, म्हणजे बांधाच्या पलीकडून, स्वतःच्या कानांनी ऐकलेलं: "थंडी वाजून राह्यली का तुले? थांब, गरम पानी सोडतो." बायकोसाठी गरम पाणी सोडणारा नवरा त्या गावाने अजून पाहिलेला नव्हता. तेव्हा ही जी कोणी आहे ती बायको नव्हे, हे सगळ्यांनी एकमताने ठरवलं.

बातमी रंगूबाईपर्यंत, म्हणजे खुद्द मारोतरावच्या बायकोपर्यंत पोचायला अडीच दिवस लागले. गावाच्या मानाने हा उशीरच. रंगूबाईने हातातली भाकर तव्यावर तशीच टाकली, दाराआडची काठी घेतली आणि शेत गाठलं. मागून अर्धं गाव, ज्याला त्या दुपारी अचानक आपापल्या शेतात काम आठवलं होतं. तासाभराने ती परत आली. काठी न वापरलेली. ओट्यावर जमलेल्या बायांना तिने थंडपणे सांगितलं की बाई आहे, खोटं नाही. दोन हात लांब आहे, अंगावर रुपयाएवढे खवले आहेत, तोंड बाजाराच्या पिशवीसारखं उघडतं, आणि गेल्या सालापर्यंत ती बाप्या होती असं मालकाचं म्हणणं आहे. दिसायला बरी आहे.

तर बाई नव्हती, मासा होता. अफवा दुरुस्त झाली. पण दुरुस्ती गावाला मूळ अफवेपेक्षा जास्त अवघड गेली. माणसाने शेतात बाई ठेवणं समजण्यासारखं आहे. माशाने मधल्या वयात बाई होणं कोणाला पटेल? आणि तेही सांगणारा मारोतराव.

इथे मारोतराव म्हणजे काय चीज आहे ते सांगितलं पाहिजे. वाशीम जिल्ह्यात जऊळक्याच्या स्टेशनापासून तीन कोसांवरचं गाव, सहा एकर काळी जमीन, सोयाबीन-तूर-हरभरा, सगळं चारचौघांसारखं. फक्त तोंड चारचौघांसारखं नाही. मालेगावच्या बाजारात विकलेला त्याचा बैल तीन दिवसांनी एसटीने परत आला, ही त्याची सगळ्यांत गाजलेली थाप. त्यातही कंडक्टरने बैलाला अर्धं तिकीट लावलं, कारण शिंगं अजून पुरती आली नव्हती. त्याच्या आजोबांचा आवाज इतका मोठा होता म्हणे, की जऊळक्याला गाडी सुटायची वेळ झाली की स्टेशन मास्तर शिट्टी न मारता यांच्या घराकडे माणूस पाठवी. सोयाबीनच्या एका शेंगेत त्याला सात दाणे सापडले होते. ती शेंग त्याने वाशीमला शेतीखात्याच्या साहेबाला दाखवायला नेली आणि वाटेत भुकेपोटी खाल्ली. लोक ऐकत, हसत, पानाची पिंक टाकत आणि दुसऱ्या दिवशी तीच थाप दुसऱ्या गावात स्वतःच्या नावावर खपवत.

अशा माणसाच्या मनात एक इच्छा होती, आणि ती थाप नव्हती. त्याला गावच्या तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष व्हायचं होतं. समिती निघाल्यापासून. धुऱ्याचे वाद, नवरा-बायकोची भांडणं, कोंबडी कोणाची आणि अंडं कोणाचं, हे सगळं आपल्यासमोर यावं, दोन्ही बाजूंनी आपल्याकडे पाहावं आणि आपण थोडा वेळ गप्प बसून मग बोलावं. ते थोडा वेळ गप्प बसणं त्याला फार आवडे. गोठ्यात तो त्याचा सराव करी. दोन शेळ्यांत पेंढीवरून भांडण झालं की हा खाटेवर बसून दोघींकडे आळीपाळीने बघे. रंगूबाई म्हणे, निकाल लागेपर्यंत पेंढी म्हैस खाते. आतापर्यंत चार अध्यक्ष झाले. दर वेळी ग्रामसभेत मारोतरावचं नाव निघे, कोणीतरी मागून "बैलाचं तिकीट" एवढंच म्हणे, सभा हसून लोळे, आणि हसण्यात नाव वाहून जाई. खोटारड्याला न्याय करायला कसं बसवायचं, हा प्रश्न कोणी विचारतही नसे. तो हसण्यातच आलेला असे.

आता मासा.

सहा वर्षांमागे सरकारी योजनेतून मारोतरावच्या शेतात शेततळं झालं. चांगलं खोल, खाली काळ्या प्लास्टिकचं अस्तर. त्याच साली शेजारच्या तांड्यावरचा सोमला रायगडकडून परत आला. सोमला आणि त्याची बायको बेबीबाई दर दिवाळीनंतर तिकडे कोळशाच्या भट्टीवर जात. त्या वर्षी मात्र खाडीकाठच्या एका तळेवाल्याने त्यांना मासे राखायला ठेवून घेतलं. येताना सोमलाने तेलाच्या पत्र्याच्या डब्यात चाळीस पिलं आणली, बोटभर लांब. डब्यात हवा जावी म्हणून कल्याणपासून अकोल्यापर्यंत आणि अकोल्याहून पूर्णेच्या गाडीत जऊळक्यापर्यंत तो एका हाताने पाणी ढवळत आला. वाटेत एका म्हातारीने हे काय म्हणून विचारलं, तर हा म्हणाला ताक. तिने पेलाच पुढे केला. जऊळक्याला उतरला तेव्हा एकतीस जिवंत होते आणि सोमलाचा उजवा हात पुढे दोन दिवस आपोआप गोल फिरत होता.

तांड्यावर तळं नव्हतं. मारोतरावकडे तळं होतं, मासे नव्हते. दोघांनी तळ्याच्या काठावर बसून जे केलं ते त्या भागातला कोणीही शेतकरी करील: त्यांनी मासे बटईने लावले. शेतात जमीन एकाची आणि कष्ट दुसऱ्याचे, पीक निम्मं-निम्मं. तसं इथे पाणी मारोतरावचं, बियाणं सोमलाचं, मासे निम्मे-निम्मे. एकतिसावा कोणाचा हे मात्र राहून गेलं.

या माशाला तिकडे जिताडा म्हणतात, हे सोमलाने सांगितलं. मूळ समुद्राचा. पण तरणेपणी खाडीतून नदीत चढतो, नदीतून ओढ्यात, भाताच्या खाचरात, पुराच्या डबक्यात, जिथे गोड पाणी आणि खायला मिळेल तिथे. तिथे तीन-चार वर्षं खातो आणि वाढतो. मग पावसाळ्यात, अमावास्या-पुनवेच्या मोठ्या भरतीला, खाडीच्या तोंडाशी परत जातो. कारण अंड्यांना खारं पाणी लागतं. पिलं खारफुटीच्या मुळांत लपून मोठी होतात आणि पुन्हा गोड्या पाण्याकडे निघतात. मारोतरावला हे सहज पटलं. तांड्यावरची माणसंही दिवाळीला निघतात आणि उन्हाळ्याअखेर परततात. मासा तेवढा उलट्या हंगामाने जातो, एवढाच फरक.

दुसरी गोष्ट सोमलाने थोडी चाचरत सांगितली. हे सगळेच्या सगळे नर आहेत. जिताडा नरच म्हणून वयात येतो. चार-पाच-सहा वर्षांचा झाला, चांगला थोराड झाला, की त्याची मादी होते. तिकडच्या तळेवाल्याने शपथेवर सांगितलं होतं. मारोतरावने तेव्हा सोमलाकडे ज्या नजरेने पाहिलं, त्याच नजरेने लोक आजवर मारोतरावकडे पाहत आले होते. थाप म्हणून त्याला ती आवडली. पण आपल्याला सुचली नाही याचं थोडं वाईट वाटलं.

पहिल्या वर्षी एकतीसचे नऊ राहिले. चोर नाही, बगळा नाही. जिताड्याला दुसरं काही मिळालं नाही की तो आपल्याहून लहान भाऊ गिळतो. फार पाठलाग करीत नाही. सावलीत लाकडासारखा उभा राहतो, आणि समोरून काही गेलं की ते भलंमोठं तोंड अचानक उघडतो, पाणी आत खेचलं जातं, त्याबरोबर भाऊही. वर फक्त टाळी वाजल्यासारखा आवाज. मारोतराव काठावर बसून टाळ्या मोजत असे. गिळले गेलेले कोणाच्या वाट्याचे होते यावर दोघांची दोन दिवस चर्चा झाली. शेवटी चार तुझे, चार माझे आणि एक सामाईक असं ठरलं.

मग तो जानेवारी आला. त्या साली वाशीमकडे अशी थंडी पडली की सकाळी तुरीच्या शेंगा काळ्या पडल्या. जिताडा उबेचा प्राणी. त्याच्या मुलखात समुद्र कधी गार होत नाही. आधी माशांनी खाणं सोडलं, मग हलणं सोडलं, मग एकामागून एक पांढरी पोटं वर आली. आठ. नववा कुठेच दिसेना. मारोतराव दिवसभर काठाकाठाने फिरला आणि तो सापडला तो बोअरच्या पाइपाखाली, नळाला नाक लावून. बोअरचं पाणी थंडीत कोमट असतं, हे शेतकऱ्याला माहीत असतं. पण हे माशालाही कळलं, याने मारोतराव गहिवरला. त्या दिवसापासून दर थंडीत, शेतीची लाइन, म्हणजे वीज, दिवसा असली की पाच तास बोअर माशाला. हरभरा कोरडा. माशाचं ठाऊक नसलेल्या रंगूबाईने विचारलं, पानी द्याचं नव्हतं तं हरभरा पेरला कायले. त्यावर मारोतरावने सांगितलं की यंदा हरभरा उपासाने जास्त गोड होतो, असं वाशीमच्या साहेबाचं मत आहे.

तर उरला तो सामाईक. पुढचा अर्धा मारोतरावचा, शेपटीकडचा अर्धा सोमलाचा. ही वाटणी बेबीबाईने केली. जे शिजताना आपल्याकडे पाहतं ते ती घरात आणणार नव्हती, आणि जिताड्याचे डोळे संध्याकाळच्या उन्हात मांजरासारखे लाल चमकतात. पण खायची वेळ येईना. सोमला दर वर्षी जाताना सांगे, भाऊ, येईपर्यंत वाढवा. आणि आला की म्हणे, अजून एक साल. मारोतराव तर विषयच काढत नसे. रोज दुपारी नाल्यातले झिंगे आणि बारके मासे डब्यातून नेई, पाण्यावर दोन बोटं आपटी, आणि तो सावलीतून वर येई.

गेल्या पावसाळ्यात त्याच्या वागण्यात फरक पडला. पोट भरलं, पाठ रुंद झाली. एका जागी उभा राहणारा मासा आषाढाच्या अमावास्येला काठाला घासून गोल गोल फिरू लागला. दर फेरीला सांडव्याच्या पाइपापाशी थांबे, जिथून जादा पाणी नाल्यात जातं, आणि तिथे तोंड लावून उभा राही. यंदाच्या आषाढात पुन्हा तेच, आणि पोट त्याहून मोठं. मारोतरावने दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी त्याच्या डोक्यात लख्ख पडलं. खारं पाणी पाहिजे. तो आता ती झाली आहे, आणि ती बाळंतपणाला निघाली आहे. त्याने नाला कुठे जातो याचा विचार केला. जिल्ह्याचं अर्धं पाणी पूर्वेच्या समुद्राला जातं आणि अर्धं पश्चिमेच्या. आपला नाला कुठल्या वाटणीत पडतो, हे त्याला अठ्ठावन्न वर्षांत विचारावंसं वाटलं नव्हतं. त्या दिवशी वाटलं. दुसऱ्या दिवशी त्याने गुरांसाठी आणलेलं खडे मीठ मूठभर पाण्यात टाकलं. ती मिठाभोवती एक चक्कर मारून पुन्हा पाइपापाशी गेली. लोणच्याला मीठ कमी पडलं की रंगूबाईची नजर जशी असते, तशी तिची होती असं तो म्हणाला.

त्याच दुपारी रंगूबाई काठी घेऊन तळ्यावर पोचली, आणि अर्धी बातमी तिच्या तोंडून ओट्यावर गेली. आता उरलेली पोटात ठेवणं मारोतरावला शक्य होतं का? तो थेट फाट्यावर, जगदेवच्या पानठेल्यावर गेला आणि त्याने सांगून टाकलं. जन्मात पहिल्यांदाच न वाढवता, न तिखट-मीठ लावता सांगितलं. आणि जन्मात पहिल्यांदाच कोणी हसलं नाही. जगदेव चुन्याची काडी हातात धरून त्याच्याकडे पाहत राहिला. त्याचं म्हणणं पडलं की बैल एसटीने आला ते आम्ही मानलं. बैलाला निदान चार पाय आहेत, पायऱ्या चढता येतात. पण थापेलाही काही मर्यादा असते.

अमरदीप म्हणून कॉलेजला जाणारा एक पोरगा तिथे होता. त्याने मोबाईल काढून शोधलं आणि वाचून दाखवलं. खरं आहे. असा मासा असतो, आधी नर, मग मादी, अंडी खाऱ्या पाण्यात. मारोतरावने छाती पुढे काढली. जगदेवने मोबाईल हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला. याच मोबाईलने गेल्या आठवड्यात लिंबाच्या पाल्याने पडलेले दात उगवतात असं सांगितलं होतं, म्हणाला. तो मारोतरावचा थोरला भाऊ दिसतो. आणि असलाच असा मासा, तर जगात असेल. मारोतरावचा मासा तोच, आणि त्याचीही मादी झालेली, याला पुरावा काय?

हे प्रकरण पानठेल्यावरच मिटलं असतं. पण पंधरा ऑगस्टला ग्रामसभा आली, आणि तंटामुक्तीचा जुना अध्यक्ष स्वतःच धुऱ्याच्या वादात सापडल्याने खुर्ची मोकळी झालेली. अट अशी की अध्यक्षाचा स्वतःचा तंटा नको. सभेने नावं चाळायला सुरुवात केली आणि एकेक गळत गेलं. याची मालेगावला तहसिलीत तारीख, त्याची वाशीमला कोर्टात, तिसऱ्याची तर सख्ख्या मेव्हण्याशी. शेवटी अख्ख्या गावात तंटा नसलेले दोनच पुरुष उरले: मारोतराव आणि जगदेव. त्यांच्यामधल्या धुऱ्याचा वाद नव्हता, कारण तिथलं गवत काढावं लागू नये म्हणून धुरा समोरच्याचाच आहे, असं दोघेही म्हणत.

मंजूबाई सरपंच. वयाने लहान, गावची सून, पण रजिस्टर स्वतः वाचून सही करणारी. नवऱ्याला ती सभेत चहा वाटायला लावते. तिने सांगितलं की मारोतराव मामाजींचं वय मोठं, मान त्यांचा. मागून कोणीतरी "बैलाचं तिकीट" म्हटलं. हसू उसळलं. आणि त्या हशात मारोतराव उभा राहिला. बैलाचं तो कबूल करायला तयार होता, शेंगेचंही. पण मासा खरा आहे, म्हणाला. हे एक खरं निघालं तर खुर्ची द्या, नाही निघालं तर पुन्हा नाव काढणार नाही.

 जगदेवने तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. "ठीक हाय. पोट चिरू. अंडी निंगाली तं तुमी अध्यक्ष, मी सवता हार घालतो. नाई निंगाली तं मी."

मारोतरावला वाटलं होतं, लोक येतील, तिला पाइपापाशी उभी पाहतील, आणि ज्याला डोळे आहेत त्याला कळेल. चिरायचं त्याच्या मनातही नव्हतं. पण सभेने हात वर केले होते आणि ग्रामसेवकाने लिहूनही घेतलं होतं. पोटात अंडी आहेत याबद्दल त्याला तिळभर शंका नव्हती. हीच तर पंचाईत होती. खुर्ची अगदी हाताशी आली होती, आणि ती मिळणार हे त्याला पक्कं माहीत होतं.

झेंड्याला आलेलं गाव झेंड्याच्याच कपड्यांत तळ्यावर गेलं. सोमलाला तांड्यावरून बोलावलं. कमरेला दोर बांधून तो निसरड्या अस्तरावरून पाण्यात उतरला आणि बेबीबाईच्या जुन्या साडीचं केलेलं जाळं सांडव्याच्या पाइपापाशी धरलं. ती तिथेच होती. वर येताना तिने जो शेपटीचा तडाखा दिला त्यात ग्रामसेवकाचं रजिस्टर भिजलं. हात वर केलेल्यांची अर्धी नावं तिथेच वाहून गेली. ओल्या पोत्यावर तिला ठेवलं. रुपेरी, पाठीवर शेवाळी झाक, उतरत्या कपाळाची, आणि गाल धापा टाकल्यासारखे वर-खाली. कोणी सांगितलं नव्हतं, तरी रंगूबाई तांब्याने तिच्या गालांवर पाणी सोडत बसली.

जगदेव पोट चिरायला पानठेल्यावरचा अडकित्ता घेऊन आला होता. त्याने तो माशाशेजारी धरून पाहिला आणि गुपचूप खिशात टाकला. मग कोणीतरी विळा दिला.

मारोतराव थोडा वेळ गप्प बसला. मग त्याने निकाल दिल्यासारखं सांगितलं की मासा बटईचा आहे. पोट येतं सोमलाच्या वाट्याला. दुसऱ्याच्या वाट्याला हात लावायचा आपल्याला अधिकार नाही. गावाला हे पटलं. बटईचा कायदा सगळ्यांनाच मान्य. पण जगदेवने मोजायला लावलं. ग्रामसेवकाने टेप काढला. तीन फूट दोन इंच. निम्मं म्हणजे एक फूट सात. कोळशाने रेघ ओढली, ती नेमकी पोटाच्या मधोमध आली. अर्धं पोट याचं, अर्धं त्याचं. दोन्हीकडच्या लोकांनी वाकून खात्री केली. मंजूबाईने सोमलाला विचारलं, तुझं काय म्हणणं.

सोमला अजून दोरासकट ओला उभा होता. मासा त्याने कल्याणपासून हाताने ढवळत आणलेला. त्याने माशाकडे पाहिलं, मग मारोतरावकडे. खुर्चीचं वेड त्याला सहा वर्षांपासून ठाऊक होतं.

"भाऊ, माह्या वाट्याचं पोट मी तुमाले देल्लं," तो म्हणाला. "आता सबन तुमचंच हाय. तुमी पाहा."

बिचाऱ्याने उपकार केला, आणि मारोतरावची शेवटची पळवाट बुजवली. जगदेवने विळा त्याच्या हातात दिला. सगळे पुढे सरकले. पोरांना मागे ढकललं गेलं, ती मोठ्यांच्या पायांमधून परत पुढे आली. मारोतराव गुडघे वाजवत खाली बसला. त्याने डावा तळहात तिच्या पोटावर ठेवला. पोट घट्ट होतं, पिकल्या सीताफळासारखं हाताला कणी-कणी लागत होतं. एक टोक टेकवायचा अवकाश, आणि गावासमोर खरं ओघळलं असतं. मग "बैलाचं तिकीट" म्हणायला कोणाची जीभ उचलली नसती. धुऱ्याचे सगळे वाद त्याच्यासमोर आले असते, आणि त्याला हवं तेवढा वेळ गप्प बसता आलं असतं.

रंगूबाईने तांब्या पुन्हा भरून घेतला. ती मारोतरावकडे पाहत नव्हती. माशाकडेच पाहत होती.

मारोतरावने विळा बाजूला, गवतात ठेवला. पोत्याची दोन टोकं स्वतः धरली, दोन रंगूबाईने धरली, आणि जगदेवला काही कळायच्या आत पोतं पाण्यावर रिकामं झालं. ती क्षणभर कलती पडून राहिली, मग शेपूट हलली, आणि कोळशाची रेघ पाण्यात विरत ती सांडव्याच्या दिशेने खाली गेली.

गावाचा मोठा अपेक्षाभंग झाला. कोणी म्हणालं घाबरला, कोणी म्हणालं पोटात काही नव्हतंच, आणि झेंड्याचे कपडे उगाच चिखलात घातले म्हणून बायकांनी नवऱ्यांना धरलं. मारोतरावला जे पटकन कळलं ते हे, की आता तो शेवटपर्यंत बैलाच्या तिकिटाचा धनी राहणार. जगदेवला मात्र हसू येईना. त्याने खिशातला अडकित्ता दोनदा उघडला, मिटला. सगळं ऐकून झाल्यावर मंजूबाईने ओलं रजिस्टर गुडघ्यावर उघडलं आणि कोरडं पान शोधलं. तिने अगदी मऊ आवाजात सांगितलं की ठरलं त्याप्रमाणे अध्यक्ष जगदेव. पण माशाबद्दल तुम्ही सभेत खोटं बोललात असंही ठरावात येईल, ते तुम्हाला कबूल आहे का, मामाजी.

मारोतरावने धोतराला हात पुसले.

"लिव्ह बाई, खोटं बोललो. अठ्ठावन वर्सं खोटं बोलून कोनाचं पोट नाई फाडलं, आता खरं बोलून कायले फाडू?"